पॅनेल नंतर बघू, आधी पंपाचा हिशोब काढा

नागपूर मनपाची हरित ऊर्जेची घोषणा झाली की फोटो ठरलेला: शाळेची गच्ची, कोरे करकरीत पॅनेल, फीत, कात्री. पंपहाउसात फीत कापायला कोणी जात नाही, आणि मनपाच्या विजेचा मोठा खप मात्र तिथंच असतो. पेंच आणि कन्हानचं पाणी उपसा, शुद्ध करा, टाक्यांवर चढवा. मग तेच सांडपाणी होऊन भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राला पोचलं की त्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरना पुन्हा वीज.

पंपाचं गणित सोपं आहे. तासाला किती घनमीटर पाणी, गुणिले हेड (पाणी चढवायची उंची अधिक पाइपातला विरोध) मीटरमध्ये, भागिले 367. येईल त्याला पंपाच्या कार्यक्षमतेनं भागा, की लागणारे किलोवॅट मिळाले. समजा, तासाला 1,000 घनमीटर आणि हेड 40 मीटर. कार्यक्षमता 80 टक्के असेल तर 136 किलोवॅट लागतात. झिजून 55 टक्क्यांवर आलेला पंप त्याच पाण्याला 198 खातो. रोज 20 तास चालला तर वर्षाला साडेचार लाख युनिट फुकट गेले. एवढी वीज सूर्याकडून घ्यायची तर सव्वातीनशे किलोवॅटचे पॅनेल लागतील, म्हणजे 30 हजार चौरस फुटांच्या वर गच्ची. शोधा महालासारख्या दाट वस्तीत!

पंपाची कार्यक्षमता घसरते कशानं? इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक झिजतं, त्याभोवतीच्या वेअर रिंगची फट वाढते, आतलं पाणी आतच फिरत राहतं. दुसरं कारण जास्त चीड आणणारं. खरेदीच्या वेळी ‘असू द्या जास्तीचं’ म्हणून हेड वाढवून धरतात आणि मग डिलिव्हरीचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून पंप चालवतात. पैसे मोजून दाब तयार करायचा आणि व्हॉल्व्हमध्ये मारून टाकायचा. अशा ठिकाणी इम्पेलर कातून लहान करून घेणं हा स्वस्त उपाय. मोटरचा वेग कमी-जास्त करणारी व्हीएफडी सगळीकडे बसवायचीही फॅशन झालीय. पण पाणी उंच टाकीत चढवणाऱ्या पंपाचं बहुतेक हेड उंचीचंच असतं, तिथं वेग फार कमी केला तर पाणी वर पोचणारच नाही. आधी पंपाच्या दोन्ही बाजूंची प्रेशर गेज चालू आहेत का ते बघा. काटा महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर असेल तर लॉगबुकातले आकडे कुठून येतात ते विचारायलाच नको.

एवढं झालं की जरूर गच्च्यांकडे वळा. फक्त गच्ची मोजून क्षमता ठरवू नका. नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करायची पद्धत) वीजजोडणीच्या मंजूर भारापेक्षा मोठा संच बसत नाही, आणि पंखे-ट्यूबलाइटवर चालणाऱ्या शाळेचा भार तो किती! वर्षभराचा खप बघून आकार ठरवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिल्लक पडलेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात; 31 मार्चला उरलेली मात्र कमी भावात जातात.

आपल्याकडचं ऊन कडक म्हणून मे महिन्यात वीज दणकून येईल, हाही गैरसमज. पॅनेलचा रेटिंग आकडा 25 अंश सेल तापमानाचा असतो. 45 अंशांच्या दुपारी सेल 65 ते 70 वर जातो आणि 15 टक्क्यांच्या आसपास उत्पादन गळतं. त्यावर धूळ. धुवायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर बोअरचं पाणी मारलं तर काच तडकू शकते आणि क्षाराचे पांढरे डाग बसतात ते वेगळेच. महावितरणची लाइन गेली की पॅनेलची वीज लाइनला जोडणारा साधा ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

टेंडरमध्ये ‘पाच वर्षं देखभाल’ एवढी ओळ कुचकामी आहे. एकदा पूर्ण पैसे हातात पडले की गच्चीवर चढतो कोण? त्यापेक्षा संच कंत्राटदारानं स्वखर्चानं उभारावा आणि मनपानं मीटरवर येईल त्या युनिटचेच पैसे द्यावेत. मग धूळ त्याच्या खिशाला लागते. फक्त त्याचं बिल मुदतीत निघायला हवं, त्यासाठी एस्क्रो खात्याची, म्हणजे बिलाचे पैसे वेगळे राखून ठेवणाऱ्या खात्याची अट करारातच घाला. ते नसेल तर चांगला कंत्राटदार टेंडर भरणार नाही, आणि जो भरेल तो उशिराचं व्याज आधीच दरात लावून ठेवेल.