अहो, कर घ्या कर!

सरकारला पैसे द्यायला गेलो होतो, मागायला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण परवा बँकेत माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर आमच्याकडे उसने मागायला आलेल्या साडूसाठी राखून ठेवलेली असते.

बचत खात्यावरचं व्याज विवरणपत्रात दाखवायचं राहिलं होतं, ते दाखवलं आणि ७०० रुपये कर निघाला. पोर्टलवरून भरले तर पैसे खात्यातून जायचे आणि दुसऱ्या दिवशी माहेरपणाला आल्यासारखे परत यायचे. शेवटी चलनाची प्रिंट काढली, रोख ७०० खिशात घातले आणि डोंबिवलीतल्या एका बँकेत रांगेला लागलो. पुढे अकरा माणसं. वर तीन पंखे, त्यातला नेमका आमच्या डोक्यावरचा बंद.

मागून माझ्या खांद्यावर एक हनुवटी आली.

"इन्कम टॅक्स का? सातशे? पेन आहे?"

पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री, वय सत्तरीच्या पुढे. मी पेन दिलं. काकांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. २ फेब्रुवारी २०२५चं. चार घड्या, चौथीवर फाटलेलं. 'रुपया असा येतो, रुपया असा जातो.' मग माझ्या हातातलं चलन काढून घेऊन उलटं केलं आणि म्हणाले, "जरा वाका."

मी का वाकलो ते मला अजून कळलेलं नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलं की वाकायचं, ही शाळेपासूनची सवय. काकांनी चलन माझ्या पाठीवर ठेवलं आणि देशाचा अर्थसंकल्प मांडायला घेतला.

"रुपयातले २२ पैसे राज्यांचा वाटा. तुमचे झाले १५४. व्याज २० पैसे. १४० रुपये. हलू नका, शून्य वाकडं येतंय. संरक्षण ८ पैसे, ५६ रुपये. सबसिडी ६ पैसे, ४२. पेन्शन ४ पैसे, २८." इथे पेन थांबलं. "मी सेंट्रलचा रिटायर आहे बरं का. तेव्हा हे २८ आमचे. थँक्यू."

आणि त्यांनी खरोखर मागच्या बाईंना सांगितलं, "हे गृहस्थ मला २८ रुपये देतात."

बाई पुढे सरसावल्या. "ते लाडक्या बहिणीचे पंधराशे यातूनच का हो?"

"छे, ते राज्याचं. आता बघा, राज्यांचे १५४ काढले ना? त्यात २०२५-२६ला महाराष्ट्राचा वाटा शेकडा ६.३१७." माझ्या मणक्यावरून गुणाकाराची रेघ गेली. "९ रुपये ७३ पैसे."

"बास?" मी वाकूनच विचारलं.

"उत्तर प्रदेशाला २७ रुपये ६३ पैसे," काका उत्साहानं म्हणाले.

लोकसंख्या, दारिद्र्य, वित्त आयोगाची सूत्रं, सगळं मला समजतं. पण वाकलेल्या अवस्थेत माणूस थोडा प्रादेशिक होतो.

"आणि 'इतर' ८ पैसे, ५६ रुपये."

"इतर म्हणजे काय?"

"इतर म्हणजे इतर." पहिल्यांदाच काका चिडले.

मला मात्र ते १४० सोडवत नव्हते. त्याच कात्रणात शेजारी लिहिलेलं, येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे. म्हणजे २४ उसने घ्यायचे आणि २० व्याजापायी घालवायचे. आमचा साडू हेच करतो, पण त्याचं कोणी गोल चित्र काढून छापत नाही. बरं, सरकारला उसने देतं कोण? बऱ्याच अंशी बँकाच. ठेवींचा १८ टक्के भाग त्यांना मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. म्हणजे माझेच पैसे बँकेनं सरकारला द्यायचे, सरकारनं माझ्या करातून बँकेला व्याज द्यायचं, त्यातला चिमूटभर बँकेनं मला द्यायचा, आणि त्या चिमटीवर कर भरायला मी याच बँकेत दीड तास उभं राहायचं. एवढे पैसे गरागरा फिरतायत आणि पंखा तेवढा फिरत नाही. पगारातून कापतात तेव्हा निदान बसल्या जागी कापतात हो! इथे मान घेऊन आपणच जायचं आणि टोकनही आपणच घ्यायचं.

नंबर आला. खिडकीतल्या मॅडमनी चलन हातात घेतलं, उलटं केलं, आणि भारत सरकारचा सगळा खर्च वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे काय लिहिलंय?"

"बजेट," मागून काका.

"असं खराब केलेलं चालत नाही. आणि तसंही याची मुदत कालच संपलीये." १५ दिवसांची मुदत असते म्हणे. "नवीन काढून आणा. समोर झेरॉक्सवाला आहे, तो काढून देतो."

समोर गेलो. झेरॉक्सवाल्यानं दोन मिनिटांत नवीन चलन काढलं आणि हात पुढे केला.

"दहा रुपये."

महाराष्ट्रापेक्षा २७ पैसे जास्त. दिले. परत आलो तर मॅडम जेवायला गेल्या होत्या, आणि माझ्या जागेवर उभे राहिलेले काका म्हणाले, "पेन देता का जरा? याची शाई संपली."