गोधडीतला नकाशा: एका लोकप्रिय कथेचा प्रतिवाद

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. वर रंगीबेरंगी गोधड्यांची छायाचित्रे असतात आणि खाली लिहिलेले असते, की दक्षिणेकडील मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया गोधड्यांत सांकेतिक नक्षी शिवत आणि त्या गोधड्या कुंपणावर किंवा खिडकीत वाळत घातल्या, की पळून जाणाऱ्यांना पुढची वाट कळे. पान्याची नक्षी दिसली की अवजारे गोळा करायची, गाडीच्या चाकाची दिसली की सामान बांधायचे, अस्वलाच्या पंजाची दिसली की जनावरांच्या मागावरून डोंगर ओलांडायचा, ‘दारुड्याची वाट’ दिसली की नागमोडी चालायचे. मालकाच्या डोळ्यांदेखत नकाशा टांगलेला असे आणि त्याला पत्ताही लागत नसे, असा या कथेचा आशय आहे. कथा आकर्षक आहे, तिच्यात दुर्बलांची हुशारी आहे आणि सांगणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. मात्र तिच्यातील विधाने एकेक करून तपासू लागले की हाती फारच थोडे उरते. शिवाय ज्या वस्तूंनी तो इतिहास खरोखरच जपला, त्या या कथेमुळे मागे पडतात.

‘ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे’ हे विधान आधी पाहू. या कथेला आजचे रूप मिळाले ते १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचा मुख्य आधार होता साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचे कथन. आपल्या घराण्यात हे संकेत आईकडून मुलीकडे येत गेले, असे तिने सांगितले होते. तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण एका घरातील आठवण आणि संपूर्ण दक्षिणेत चालणारी संकेतव्यवस्था यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पुस्तकाने नव्हे, तर त्यानंतरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी, शाळांच्या पाठांनी आणि हस्तकलेच्या दुकानांनी एका उडीत पार केले. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरील, स्वतः गुलामीतून पळालेले लेखक आणि गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात हे संकेत इतिहास म्हणून कोरण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा इतिहासकारांना उघडपणे आक्षेप घ्यावा लागला. डग्लस यांनी तीन आत्मचरित्रे लिहिली आणि त्यांपैकी एकातही अशा गोधडीचा उल्लेख नाही, ही गोष्ट एवढ्यासाठी पुरेशी बोलकी होती.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले असते: ‘ते गुपितच होते, मग त्याची नोंद कशी सापडेल?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, कारण पुरावा नसणे हाच त्यात पुरावा होऊन बसतो. पण त्या काळातील इतर गुपितांचे पुढे काय झाले ते पाहावे. डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात आपण कसे पळालो ते सांगण्याचे निक्षून टाळले, कारण सांगितले असते तर मागून येणाऱ्यांचा तोच मार्ग बंद झाला असता. गुलामगिरी संपल्यावर मात्र, १८८१ साली, त्यांनी ती हकिकत तपशिलाने लिहिली: ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश करून, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रे उसनी घेऊन ते बाल्टिमोरहून रेल्वेने निघाले होते. पळालेल्यांना मदत करणारे स्वतंत्र कृष्णवर्णीय कार्यकर्ते विल्यम स्टिल यांनी फिलाडेल्फियात आपल्याकडे येऊन गेलेल्या शेकडो पळालेल्यांच्या जबान्या लिहून लपवून ठेवल्या होत्या आणि १८७२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत जहाजाच्या तळघरात दडून आलेली माणसे आहेत, वेश पालटून आलेली आहेत, रिचमंडहून लाकडी पेटीत बंद होऊन मालवाहतुकीने आलेला हेन्री ब्राउन आहे. पुढे १९३६ ते १९३८ या काळात फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी उपक्रमाच्या लेखकांनी १७ राज्यांत, बालपण किंवा तारुण्य गुलामीत काढलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्या मुलाखतींत गोधड्या आहेत, अगदी भरपूर आहेत. शेजारच्या मळ्यांवरील बायका रात्री एकत्र जमून गोधड्या शिवत, त्या निमित्ताने खाणेपिणे आणि नाच होई, हे कितीतरी जणांनी आवडीने सांगितले आहे. संकेतांविषयी मात्र कोणी बोलत नाही. सत्तर वर्षांनंतर, भीतीचे कारण उरलेले नसताना, नाच आठवावा आणि मुक्तीचा नकाशा आठवू नये, हे पटण्याजोगे नाही.

नक्ष्यांच्या कालक्रमाचा प्रश्न तर आणखी अडचणीचा आहे. संकेतांच्या यादीत ‘लॉग कॅबिन’ ही नक्षी ठळकपणे येते. तिचे ज्ञात नमुने प्रामुख्याने १८६० च्या दशकापासून पुढचे, म्हणजे यादवी युद्धाच्या आणि गुलामगिरीच्या अंताच्या काळातील व त्यानंतरचे आहेत. याच यादीतील ‘डबल वेडिंग रिंग’ ही एकमेकांत गुंतलेल्या अंगठ्यांची नक्षी लोकप्रिय झाली ती १९२० च्या सुमारास आणि त्यानंतर. शिवाय आज आपण ज्या नावांनी या नक्ष्या ओळखतो, त्यांतील बरीचशी नावे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकात मासिकांनी व नमुनापत्रकांनी रूढ केली. त्यापूर्वी एकाच नक्षीला गावोगावी वेगवेगळी नावे असत. नावावरच अर्थ टांगलेला असेल आणि नावच गावागणिक बदलत असेल, तर त्या संकेताच्या भरवशावर जीव कोण धोक्यात घालील?

आता प्रत्यक्ष पलायनाचा विचार करू. पळणारे बहुधा रात्री चालत आणि दिवसा दडून राहत. अंधारात दुरून कुंपणावरच्या गोधडीतील वीतभर चौकोनांची रचना ओळखू येणे अशक्यच आहे. दुसरे असे, की उत्तरेकडे यशस्वीपणे पोहोचलेल्यांत मेरीलँड, व्हर्जिनिया, केंटकी यांसारख्या सीमेलगतच्या राज्यांतील लोकांचा भरणा होता. साउथ कॅरोलायनातून डोंगर ओलांडून ओहायो आणि तेथून कॅनडा, हा संकेतकथेतील मार्ग फारच थोड्यांच्या आवाक्यातला होता. तिकडचे लोक अनेकदा दलदलीत आसरा घेत, शहरातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांत मिसळून जात किंवा जहाज गाठत. ज्याला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणतात ती जमिनीखालची रेल्वे नव्हती आणि ठरलेल्या थांब्यांचा कायमचा मार्गही नव्हता; विश्वासातील माणसांची ती बदलती साखळी होती आणि तिचे बळच मुळी या अनिश्चिततेत होते. स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांनी परत जाऊन सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरच्या आसपास माणसे मेरीलँडमधून बाहेर काढली. त्या शक्यतो हिवाळ्यातील लांब रात्री निवडत आणि शनिवारी निघत, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारपूर्वी छापली जाणे कठीण असे. ही खरी युक्ती गोधडीच्या कल्पित युक्तीपेक्षा कितीतरी तल्लख आहे, असे मला वाटते. टबमन यांच्या कथेत एक गोधडी येतेही: पळताना पहिली मदत करणाऱ्या बाईला त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी भेट दिली, अशी आठवण नोंदलेली आहे. तेथे गोधडी म्हणजे गुलामीतील स्त्रीच्या मालकीची बहुधा एकमेव मौल्यवान वस्तू आहे.

समर्थकांचा सर्वांत गंभीर मुद्दा असा, की ‘ज्यांना लिहायला-वाचायला बंदी होती त्यांच्याकडे कागदपत्रे मागणे हा अन्याय आहे, मौखिक परंपरेला मान द्यावाच लागेल.’ यातील पहिला भाग पूर्णपणे मान्य आहे. पण मौखिक आठवणीला मान देणे म्हणजे ती न तपासता स्वीकारणे नव्हे, आणि याचे उत्तम उदाहरण एका जुन्या कापडी पिशवीने दिले आहे. २००७ मध्ये टेनेसीतील नॅशव्हिलजवळच्या जुन्या बाजारात ही सुती पिशवी सापडली. तिच्यावर १९२१ साली रूथ मिडलटन या स्त्रीने काही ओळी भरतकामाने लिहिल्या होत्या. आपली पणजी रोझ हिने, नऊ वर्षांची अ‍ॅश्ली ही मुलगी साउथ कॅरोलायनात विकली गेली तेव्हा, तिला ही पिशवी दिली. पिशवीत एक फाटका झगा, तीन मुठी पिकॅन (अक्रोडासारखा सुका मेवा) आणि रोझच्या केसांची एक वेणी होती. ही पिशवी नेहमी माझ्या मायेने भरलेली राहील असे तिने मुलीला सांगितले, आणि त्यानंतर त्यांची भेट झाली नाही, एवढाच तो मजकूर आहे. आजी-नातीच्या तोंडून आलेली ही आठवण घेऊन टाया माइल्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी दप्तरे चाळली, तेव्हा चार्ल्सटनचा धनिक रॉबर्ट मार्टिन याच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या मोजदादीत रोझ आणि अ‍ॅश्ली ही दोन्ही नावे आढळली. अ‍ॅश्ली हे नाव गुलाम मुलींत दुर्मिळ असल्यामुळे हा योग निव्वळ अपघाती ठरवणे अवघड आहे. म्हणजे घरात जपलेल्या आठवणीला मालकाच्याच वहीने दुजोरा दिला. गोधडीच्या संकेतांचा असाच माग पंचवीस वर्षे काढूनही एकही जुनी गोधडी, एकही पत्र, एकही जबानी त्यांच्या बाजूने उभी राहिलेली नाही.

‘संकेत नाकारले तर या गोधड्यांत उरतेच काय, नुसते पांघरूण!’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांचा नकळत अपमान आहे. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी मुक्तीनंतर शिवलेल्या दोन चित्रमय गोधड्या आज उपलब्ध आहेत; एक वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आणि दुसरी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात. पहिली गोधडी १८८६ साली अथेन्स येथील कापूस-जत्रेत मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने ती मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखीमुळे, १८९१ मध्ये, दहा डॉलर मागून अखेर पाच डॉलरना त्यांनी ती विकली आणि नंतर तिला पाहायला त्या अनेकदा जात राहिल्या. विकताना प्रत्येक चौकटीचा अर्थ त्यांनी सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून घेतला, त्यामुळे येथे अर्थ शोधण्यासाठी कल्पना लढवण्याची गरजच नाही. दुसऱ्या गोधडीच्या पंधरा चौकटींत बायबलमधील प्रसंगांच्या शेजारी १७८० मधील भरदिवसा पडलेला काळोख आहे, नोव्हेंबर १८३३ मधील उल्कावर्षाव आहे, १८९५ च्या फेब्रुवारीतील जीवघेणी थंडी आहे आणि जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेली बेट्स नावाची एक स्वतंत्र वृत्तीची डुकरीणही आहे. १७८० आणि १८३३ च्या घटना पॉवर्स यांच्या जन्मापूर्वीच्या. त्या लोकांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी त्या कापडात बसवल्या. शिवाय दोन्ही घटना अन्य नोंदींशी जुळतात. मौखिक परंपरा गोधडीत कशी उतरते हे पाहायचे असेल, तर ते येथे पाहावे.

अलाबामा नदीच्या वळणावरील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचेही तसेच. तेथील अनेक कुटुंबांचे आडनाव आजही पेटवे आहे, कारण १८४५ मध्ये मळा विकत घेणाऱ्या मालकाचे ते नाव होते. मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. गुडघ्याशी झिजलेल्या, उन्हाने विटलेल्या त्या तुकड्यांत कापसाच्या शेतावरची सगळी राबणूक दिसते. १९६२ मध्ये, तेथील लोक मतदार नोंदणीसाठी पलीकडच्या गावी जाऊ लागताच, नदीवरची फेरीबोट बंद करण्यात आली आणि ती २००६ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. १९६६ मध्ये तेथील आणि आसपासच्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७० च्या दशकात सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवताना उरलेल्या चिंध्या घरी आल्या आणि त्या वर्षांतील गोधड्यांचे रंग व पोत बदलले. म्हणजे कापडाच्या तुकड्यावरून कारखान्याची मागणी, मजुरी आणि राजकारण वाचता येते. त्यासाठी गुप्त लिपी लागत नाही.

हे केवळ गोधड्यांपुरते नाही. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गल्ला या, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या समाजाने विणलेल्या पसरट टोपल्या, ज्यांत भात पाखडला जाई, पश्चिम आफ्रिकेतील भातशेतीचे ज्ञान त्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून आले हे दाखवतात. त्याच राज्यातील एजफील्डचे गुलाम कुंभार डेव्हिड ड्रेक यांनी तर मातीच्या मोठमोठ्या बरण्यांवर आपले नाव, तारीख आणि दोन ओळींच्या कविता कोरल्या. १८५७ च्या एका बरणीवर त्यांनी आपले सारे आप्त कोठे असतील, असा प्रश्न विचारला आहे. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर तेथे १८३४ पासून कायद्याने बंदी होती. येथे मजकूर लपवलेला नाही, तो मालकाच्या कोठारात उघडपणे उभा होता, आणि धाडस नेमके त्यातच होते.

शेवटी उरतो ‘मुलांना सांगायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न. हरकत अशी, की वाटेवर फलक लावलेले होते असे समजणाऱ्या मुलाला पळून जाणे किती अवघड होते, किती जण पकडले गेले आणि पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५० च्या कायद्यानंतर उत्तरेतही पकडून परत पाठवण्याचे भय कसे वाढले, हे कळत नाही; आणि विल्यम स्टिल यांच्यासारख्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या समित्या, त्यांनी जमवलेला पैसा, पुरवलेले कपडे आणि दिलेला आसरा हे सारे चित्रातून नाहीसे होते. वर्गात कागदाचे चौकोन कापून संकेत जुळवण्यात जो एक तास जातो, त्याच तासात पॉवर्स यांच्या पंधरा चौकटी त्यांनीच सांगितलेल्या अर्थासह मुलांपुढे मांडता येतात, आणि पाचशे मैल पळालेली बेट्स मुलांना अस्वलाच्या पंजापेक्षा जास्त आवडेल, याबद्दल मला तरी शंका नाही.