भाषण सगळ्यांना पाठ, दुकान कुणालाच माहीत नाही

आज सकाळी पुन्हा तो फॉरवर्ड आला. वॉशिंग्टनची गर्दी, हात उंचावलेले मार्टिन ल्यूथर किंग आणि खाली ठळक अक्षरांत ‘एका भाषणाने देश बदलला’. त्याखाली चळवळीतल्याच मंडळींचे अंगठे आणि बदाम. बाहेरच्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं. पण ज्यांनी वस्तीत अभ्यासिका चालवल्या, बचत गटाच्या वह्या लिहिल्या, त्यांनीच हे पाठवावं? भाषणाने देश बदलत असता तर आपला एव्हाना चारदा बदलून झाला असता.

तर आज ॲलिस वाइन या बाईंबद्दल. त्यांचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टन शहराला लागून समुद्रातली बेटं आहेत. त्यांतलं एक जॉन्स आयलंड. तिथे इसॉ जेन्किन्स नावाचे शेतकरी होते, त्यांच्या स्वतःच्या बस होत्या. सकाळी बेटावरची कृष्णवर्णीय माणसं शहरात कामाला न्यायची, सिगारच्या कारखान्यात, गोदीत, गोऱ्यांच्या घरी. सोबत शाळकरी मुलंही न्यायची, कारण काळ्या मुलांसाठी बेटावर हायस्कूलच नव्हतं. त्या काळी त्या राज्यात मतदार व्हायच्या वाटा दोन. एक तर ३०० डॉलर करमूल्याची मालमत्ता दाखवा, नाहीतर राज्यघटनेतलं कलम नोंदणी कारकुनासमोर वाचून आणि लिहून दाखवा. मालमत्ता कुणाकडे होती ते सांगायला नको. जेन्किन्स यांनी घटनेतली कलमं छापील कागदावर बसमध्ये वाटली आणि प्रवासातच त्यांचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

ॲलिसबाई त्याच बसमधून जायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून त्यांनी ते कलम तोंडपाठ केलं, कचेरीत जाऊन म्हणून दाखवलं आणि मतदार होऊन परत आल्या. इथे आपल्यापैकी कुणीही टाळ्या वाजवून फोटो काढला असता आणि ‘एक पाऊल पुढे’ अशी पोस्ट टाकली असती. बाई जेन्किन्सना म्हणाल्या, मला खरंखुरं वाचायला शिकायचंय.

घोकून मिळवलेल्या कागदाने त्यांचं समाधान झालं नाही, आणि पुढचं सगळं या हट्टातून उभं राहिलं.

जेन्किन्स १९५४ साली टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये, म्हणजे चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या शाळेत गेले. त्यांना तिथे नेलं सेप्टिमा क्लार्क यांनी. या बाईंनी १९१६ साली, अठराव्या वर्षी, याच बेटावर शिकवायला सुरुवात केली होती. त्या आणि आणखी एक शिक्षिका मिळून १३२ मुलं सांभाळायच्या, पगार महिना ३५ डॉलर. जवळच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुलं आणि तिथल्या शिक्षिकेला ८५ डॉलर. हायलँडरमध्ये जेन्किन्स यांनी एकच मागणी केली, आमच्या बेटावर मोठ्यांसाठी रात्रशाळा हवी.

बेटावर प्रौढांचे वर्ग आधी झाले होते आणि बंद पडले होते. का, ते नीट वाचा, कारण आपलेही वर्ग याच कारणांनी बंद पडतात. शेतात राबलेल्या बाप्याला लहान मुलांच्या बाकावर बसवलं जायचं, गुडघे छातीला लागायचे, पोरं लांबटांग्या कोळी म्हणून चिडवायची. शिकवायला पेशाने शिक्षक, त्यांचा सूर वरून खाली. आणि पुस्तकं पोरांची. चाळिशीच्या माणसाला मांजर-उंदराचा धडा! तो दुसऱ्या दिवशी येत नाही आणि आपण अहवालात ‘लोकांमध्ये उत्साहाचा अभाव’ असं लिहून मोकळे होतो.

मग त्यांनी काय केलं? आधी जागा. जेन्किन्स यांनी १९४८ मध्येच ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ काढला होता. त्या क्लबने हायलँडरकडून १,५०० डॉलरचं कर्ज घेऊन एक जुनी शाळेची इमारत घेतली. पुढच्या खोलीत सभासदांचं सहकारी किराणा दुकान, मागे वर्ग. दुकान पुढे ठेवण्यामागे दोन कारणं. गोऱ्यांना मागे शाळा चालते याचा संशय येऊ नये, हे एक. दुसरं, कर्ज फेडायचं ते दुकानाच्या विक्रीतून. देणगीदाराच्या मर्जीवर वर्ग चालवायचा नव्हता.

मग शिक्षक. हा मुद्दा माझ्या सगळ्यात जवळचा आहे. बर्निस रॉबिन्सन चार्ल्स्टनमध्ये केशभूषेचा व्यवसाय करायच्या, सेप्टिमाबाईंच्या नात्यातल्या. शिक्षिका नव्हत्या, आणि म्हणूनच निवडल्या गेल्या. माणसांशी बोलायची सवय, वरून बोलायची खोड नाही. शिवाय गिऱ्हाईक सगळं काळं. वर्गात शिकवलं म्हणून त्यांना कामावरून काढून टाकेल असा गोरा मालकच नव्हता. ज्याचा पगार दुसऱ्याच्या हातात, त्याचं तोंडही दुसऱ्याच्या हातात. जेन्किन्स यांची बस स्वतःची होती, रॉबिन्सनबाईंची खुर्ची-कंगवा स्वतःचा होता. आर्थिक स्वावलंबन हा शब्द आपण इतका वापरून गुळगुळीत केलाय की त्यात काय ताकद असते तेच विसरलो.

७ जानेवारी १९५७ ला पहिला वर्ग. तारीखसुद्धा विचार करून. हिवाळ्यात शेतात काम कमी, म्हणून वर्ग थंडीत. आठवड्यातून दोन रात्री, दर वेळी दोन तास, कामाचा हंगाम सुरू झाला की बंद. पहिल्या रात्री १४ जण आले. रॉबिन्सनबाईंनी बरोबर प्राथमिक शाळेचं साहित्य आणलं होतं, ते त्यांनी लगेच बाजूला ठेवलं आणि सांगितलं की मी तुमची शिक्षिका नाही, आपण एकमेकांकडून शिकू. मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं बघा. स्वतःचं नाव लिहायचंय. बायबल वाचायचंय. मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. कॅटलॉग बघून सामान मागवायचंय. आलेलं पत्र दुसऱ्याकडे वाचायला न्यावं लागू नये. बियाणं-खताचा हिशोब यावा. आणि हो, ते मतदानाचं कलम. अभ्यासक्रम तयार झाला, एकही तज्ज्ञ न बोलावता.

भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, वर्ग संपेपर्यंत तो सगळ्यांना वाचता यावा म्हणून. (कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून मागितली होती, हे आपल्याला ठाऊक असतंच. अर्ज तिकडे गेला, आणि मागच्या खोलीतल्या भिंतीवर जाहीरनामा आला.)

शिकवायची रीत सांगते. नाव पुठ्ठ्यावर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहायचं. शिकणाऱ्याने त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा, हाताला वळण बसलं की मग कागदावर. नांगर धरलेल्या हातांना पेन्सिल हलकी धरता येत नाही, इतका जोर पडायचा की वर्गात पेन्सिली कडाकड मोडायच्या. म्हणून पेन्सिली जास्त आणायच्या आणि मोडली की काही बोलायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं. नंतरच्या वर्गांत फळा नसेल तिथे धोब्याकडून येणाऱ्या कपड्यांच्या पिशव्या फळा म्हणून वापरल्या. मोठे शब्द कलमातूनच काढायचे, तोडून तोडून म्हणायचे, अर्थ बोलायचा, मग लिहायचा. गणितात पेट्रोल किती, खत किती, कुंपणाला तार किती.

वर्ग संपेपर्यंत १४ चे ३७ झाले. आता ॲलिस वाइन यांच्याकडे परत बघा. त्यांनी जेन्किन्सपुढे शब्द टाकला तेव्हा कुणाकडे ना निधी होता ना प्रकल्प अहवाल. एक बस होती आणि तोंडावर ‘मला येत नाही’ असं सांगायचं धाडस.

दुकान का महत्त्वाचं, यावर जरा थांबते, कारण आपल्यातले काही जण अजूनही दुकान म्हटलं की नाक मुरडतात. धंदा म्हणजे विचारांशी तडजोड वगैरे. टेनेसीतल्या फेएट काउंटीत काय झालं बघा. १९५९-६० मध्ये काळ्या कुळांनी मतदार म्हणून नावं नोंदवली. गोऱ्या जमीनदार-दुकानदारांनी नावांची यादी केली. किराणा बंद, पेट्रोल बंद, उधारी बंद, राहत्या घरातून बाहेर. हिवाळ्यात कुटुंबं तंबूत राहिली, महिनोन्‌महिने. मताचा हक्क मागितला आणि पिठाचं पोतं गेलं. म्हणून आधी दुकान. म्हणून १९६६ साली याच जेन्किन्स यांनी चार्ल्स्टनमध्ये पतसंस्था काढली, ‘सी. ओ. फेडरल क्रेडिट युनियन’. सावकाराच्या आणि मालकाच्या दारात उभं राहिल्याशिवाय कर्ज मिळालं तरच माणूस मत स्वतःचं देतो.

ठीक आहे, मान्य करते, सहकार म्हणजे जादूची कांडी नाही. मतदान हक्काच्या चळवळीतल्या फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये मिसिसिपीत ‘फ्रीडम फार्म’ उभं केलं. तिथली डुकरांची बँक अफलातून होती. कुटुंबाला गाभण मादी द्यायची, ती व्याली की दोन पिल्लं बँकेला परत, ती पुढच्या कुटुंबाला. पण शेतीचा डोलारा देणग्यांवर होता. जमिनीचे हप्ते आणि कर दर वर्षी येतात, देणग्या दर वर्षी येत नाहीत. त्यात हवामानाने पिकं घालवली आणि काही वर्षांत सगळं मोडलं. जॉन्स आयलंडवर विक्रीतून कर्ज फेडायचा आग्रह का होता, ते इथे कळतं.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं फिरतं ती. १९५६ मध्ये साउथ कॅरोलिनाने कायदा केला, सरकारी नोकर एनएएसीपीचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा सभासद असू शकत नाही. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व लपवलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेली. त्यांनी राज्यातल्या ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रं पाठवली, या कायद्याविरुद्ध एकत्र येऊ या. उत्तर आलं २६ जणांचं. अधिकाऱ्याला भेटायला यायला तयार झाले ११. प्रत्यक्ष आले पाच.

सातशे सव्वीसातले पाच!

एकी एकी म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. आणि हो, त्या शिक्षकांना घाबरट म्हणणं सोपं आहे. घरात तो एकच पगार, आणि मालक सरकार. कळतं मला. म्हणूनच तर म्हणते की चळवळीचा पहिला वर्ग केशभूषाकार बाईने घेतला, मास्तरांनी घेतला नाही, हा योगायोग नव्हता.

पुढे टेनेसी सरकारने हायलँडरच बंद पाडायला घेतलं, तेव्हा १९६१ मध्ये हा वर्गांचा कार्यक्रम किंग यांच्या संघटनेकडे, एससीएलसीकडे गेला. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात शिक्षक घडू लागले. घडवणारे कोण, तर सेप्टिमाबाई, डोरोथी कॉटन, अँड्र्यू यंग. गावोगावची माणसं बसने यायची आणि काही दिवस राहून शिकायची. पात्रता काय? मोठ्याने नीट वाचता यावं, फळ्यावर वाचण्याजोगं लिहिता यावं. पदवी कुणी विचारली नाही. प्रत्येक राज्याची नोंदणीची अट वेगळी, म्हणून वहीही वेगळी. सुमारे १०,००० शिक्षक या वाटेने तयार झाले. फॅनी लू हेमर त्यांतल्याच एक. जून १९६३ मध्ये चार्ल्स्टनच्या प्रशिक्षणावरून परतताना विनोना गावी त्यांना पकडून कोठडीत अमानुष मारहाण झाली. त्या फॉरवर्डमधल्या भाषणाच्या दोन-अडीच महिने आधी.

आणि संघटनेत सेप्टिमाबाईंना काय मिळालं? कार्यकारिणीत त्या का आहेत, असं किंग यांचे जवळचे सहकारी अ‍ॅबरनाथी पुन्हा पुन्हा विचारायचे. किंग यांनी बाजू घेतली, हे त्यांच्या पदरात टाकते. पण बाईंनी पत्र लिहून सुचवलं की प्रत्येक मोर्चाच्या पुढे तुम्हीच कशाला, जागोजागी नवे पुढारी तयार होऊ द्या, तेव्हा ते पत्र बैठकीत वाचलं गेलं आणि सगळे हसले. ओळखीचं वाटतंय ना? मला तर त्या बैठकीतल्या खुर्च्याही ओळखीच्या वाटतात.

चला, एवढं चिडून झाल्यावर हेही लिहिते. भाषण लागतं. मोर्चाही लागतो. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला नसता तर वाचून दाखवायची ती अट आणखी किती वर्षं टिकली असती, कोण जाणे, आणि तो कायदा रस्त्यावरच्या रेट्याशिवाय आला नसता. पण कायदा झाल्यावर नोंदणीच्या रांगेत कुणाला उभं करायचं, फॉर्म कुणी भरायचा, घाबरलेल्या शेजारणीला कुणी सोबत न्यायचं, हे ज्यांना आधीच येत होतं ती माणसं मागच्या खोल्यांमध्ये घडली होती. ॲलिसबाईंना मतदार व्हायला त्या कायद्याची वाट बघावी लागली नाही, आणि वाचायला शिकायला तर कुठल्याच कायद्याची नाही.

कुणाला आपल्याकडे असा वर्ग काढायचा असेल तर कमेंटमध्ये ‘निधी कुठून’ हे आधी विचारू नका. शिकणाऱ्यांना काय शिकायचंय ते विचारून या, त्यांच्या कामाचा हंगाम कधी संपतो ते विचारून या, आणि ज्याला कुणी कामावरून काढू शकत नाही असा शिकवणारा शोधा. पेन्सिली जास्त घ्या.

सेप्टिमाबाई नंतर सत्तरच्या दशकात चार्ल्स्टनच्याच शाळा मंडळावर निवडून आल्या. राज्याने पेन्शन सुरू केली १९७६ मध्ये, वर्षाला ३,६०० डॉलर. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या.