ओळंबा धरायला शिकले तेव्हा

२००६ साली लोणावळ्याजवळ अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी १०० घरं उभारायला घेतली होती, ही आठवण स्वयंसेवकांनी घरं बांधण्याविषयीच्या तुमच्या लेखात आली, बरं वाटलं. पण अशा कामात स्वयंसेवक काय शिकतो, ते थोडं अजून यायला हवं होतं.

२०१९च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात मी १२ दिवस एका घराच्या बांधकामावर होते. पहिले दोन दिवस नुसती पाटी उचलली. मग मिस्त्रीमामांनी थापी हातात दिली. वीट आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. एक पाटी सिमेंटला सहा पाट्या वाळू. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. माझी ओळ बाहेर गेली, तेव्हा मामांनी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायचं दोरीला बांधलेलं वजन, लावून दाखवला आणि तीन थर उतरवायला लावले. रडू आलं होतं, पण भिंत सरळ झाली.

आयोजकांना एकच विनंती: स्वयंसेवक परतल्यावरही किमान सात दिवस भिंतीवर पाणी मारायला कुणीतरी नेमा. आमच्याकडे ते काम त्या घरच्या आजींनीच अंगावर घेतलं होतं.