अढळपदाची ऐशीतैशी

जे दिसत नाही त्याचा फोटो काढणं, हा माझा छंद. घरात त्याला वेगळं नाव आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

देवयानी दीर्घिकाच घ्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची एक दूरची वसाहत. सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी ती आकाशात लांब पसरलीय. लहान म्हणून दिसत नाही असं नव्हे, फिकट म्हणून दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना, तेही खऱ्या अंधारात, फार तर मधला धूसर ठिपका कळतो. म्हणून कॅमेऱ्याचं शटर तीन-तीन मिनिटं उघडं ठेवून उजेड थेंबाथेंबाने साठवायचा. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं, पण तिचा राग आला तो इथेच. चार सेकंदांत हे प्रकरण गुरूच्या बिंबाएवढं सरकलेलं असतं!

त्याच्या मागे धावायला मोटरवाला माउंट, म्हणजे कॅमेरा हळूहळू फिरवणारी बैठक, लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवबिंदूवर, म्हणजे सगळं आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूवर, रोखावा लागतो. पहिल्या रात्री मी गुडघे टेकून, मान मोडून तो थेट ध्रुवताऱ्यावर रोखला. फोटोत रेघोट्या. मग कळलं, ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या रुंदीहून जास्त अंतरावर आहे आणि रोज त्याच्याभोवती चक्कर मारतो. ज्याला अढळपद दिलं तोच घिरट्या घालतोय, तर माझ्या स्वस्तातल्या तिपाईला काय बोलायचं?

फोकसचीही तीच गत. लेन्सवर अनंताचं चिन्ह असतं. अनंत तिथे नसतं, किंचित अलीकडे असतं. (अध्यात्मवाल्यांनी याची नोंद घ्यावी.)

पहाटे दोनला ताऱ्यांभोवती मऊ प्रभावळ दिसू लागली. मी हरखलो. कुठल्याच नकाशात नसलेला तेजोमेघ! नावसुद्धा मनात ठरवलं. अर्ध्या तासाने लेन्सवर बोट फिरवलं तेव्हा तेजोमेघ बोटाला लागला. दव.

दुसऱ्या रात्री दव सुकवायला लेन्सला गरम पट्टा बांधला, ध्रुवबिंदू साधला, तारे टाचणीच्या टोकासारखे आले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर लख्ख दिवा लागला. "अंधारात धडपडाल हो, म्हणून लावला," शेजारचे काका प्रेमाने म्हणाले. प्रेमापुढे इलाज नसतो. ते झोपायला गेल्यावर उपग्रहांनी फ्रेमवर पट्ट्या मारून हिशेब पूर्ण केला. तिसऱ्या रात्री ढग. त्याबद्दल काय लिहायचं?

या सगळ्याला खरा जबाबदार शार्ल मेसिए. हा माणूस धूमकेतू शोधायचा आणि वाटेत येणाऱ्या धुरकट ठिपक्यांनी दर वेळी फसायचा. शेवटी वैतागून त्याने 'हे धूमकेतू नव्हेत, इकडे वेळ घालवू नका' अशा अर्थाची यादीच केली. १७७४ साली ती पहिल्यांदा छापली गेली तेव्हा तीत ४५ ठिपके होते. देवयानी त्यातली एकतिसावी. भल्या माणसाने टाळायला सांगितलेल्या वस्तूंमागे आम्ही आयुष्य घालवतो.

तीन रात्रींतून धड फ्रेम निघाल्या अकरा. त्या संगणकावर एकावर एक रचल्या. तसं केलं की फोटोतली रवाळ खरखर कमी होते. पण गणित असं दुष्ट, की फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. चौपट म्हणजे बारा रात्री. हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

मग काळोख हलके हलके उजळवत नेला. हळूहळू पडद्याच्या मधोमध एक तिरपा, करडा, लांबट ढग उमटला. माझा कंठ दाटून आला. बायकोला हाक मारली.

तिने निरखून पाहिलं. मग ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. जरा जोर लावून पुन्हा पुसला.

"अहो, हा डाग निघत नाहीये."

"अगं," मी म्हणालो, "तो पंचवीस लाख वर्षांपूर्वीच निघालाय."