हैतीची जुनी चित्रं म्हणजे ‘पर्यटकांचा माल’? अजिबात नाही

कॅरिबियनमधल्या हैती या देशाच्या स्वयंशिक्षित चित्रकारांबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १९४४ आधी हैतीत चित्रकलाच नव्हती, एका अमेरिकन शिक्षकाने अडाणी लोकांच्या हाती ब्रश दिले. त्यांनी पर्यटकांसाठी रंगवलं, सगळ्यांची चित्रं सारखीच. तेव्हा नाव-गाव बघत बसू नका, सही दिसली की स्वस्तात घेऊन टाका.

आधी त्या शिक्षकाबद्दल. डेविट पीटर्स यांनी १९४४ मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ‘सांत्र द आर’ हे कलाकेंद्र उघडलं. तिथे रंग मिळाले, विक्रीला जागा मिळाली, परदेशी गिऱ्हाईक मिळालं. हे श्रेय त्यांचंच. पण राजा आंरी क्रिस्तोफच्या दरबारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रिचर्ड इव्हान्स हा इंग्रज चित्रकार काम करत होता. काप-हाइतियन शहरातले चित्रकार फिलोमे ओबँ १८९२ साली जन्मले. त्यांनी केंद्राकडे स्वतःहून चित्र पाठवलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि ते कित्येक वर्षं रंगवत होते. दुसरे चित्रकार एक्तर इपोलित हे वोडूचे, म्हणजे हैतीतल्या आफ्रिकी मुळाच्या धर्माचे, पुजारी. माँरुई गावातल्या एका बारच्या दारांवरची त्यांची फुलं-पक्षी बघूनच पीटर्स त्यांच्या मागावर गेले. ब्रशबरोबरच कोंबडीची पिसं आणि बोटं वापरून रंगवणारा हा माणूस शाळेत चित्रकला शिकला नव्हता, एवढाच ‘अडाणी’चा अर्थ. रूपांची आणि देवतांची त्याची जाण पक्की होती.

‘पर्यटकांसाठी’ या आरोपाने मला खरंच राग येतो. हैतीवर १९१५ ते १९३४ अमेरिकेचा लष्करी ताबा होता. त्याविरुद्ध लढणाऱ्या शार्लमान्य पेराल्तला अमेरिकन मरीन सैनिकांनी १९१९ मध्ये मारलं, प्रेत दाराला बांधून फोटो काढला आणि लोकांनी धसका घ्यावा म्हणून तो वाटला. लोकांना त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला. ओबँ यांनी तोच फोटो चित्रात आणला, शेजारी शोक करणारी आई उभी केली. सुट्टीवर आलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाला खूश करायला कोणी असं चित्र काढेल का? पुढे बाजारात नकलांचा पूर आला, हे मान्य. पण नकलांवरून मूळ चित्रकारांना जोखणं हा अन्याय आहे.

‘सगळी सारखीच’ म्हणणाऱ्याने ओबँच्या सरळ रेषेतल्या, नीटनेटक्या गल्ल्यांशेजारी प्रेफेत द्युफो यांची डोंगरावर लटकलेली, नागमोडी रस्त्यांची शहरं ठेवून बघावीत. पुढे बोलायची गरज उरत नाही.

नाव-गाव का बघायचं? पोर्ट-ओ-प्रिन्सच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये १९५०-५१ च्या सुमारास या चित्रकारांनी भित्तिचित्रं केली. २०१० च्या भूकंपात त्यातली तीनच वाचली: कास्तेरा बाझील, ओबँ आणि द्युफो यांची एकेक. विल्सन बिगो यांचं बायबलमधल्या ‘काना’ गावच्या लग्नाचं चित्र गेलं. आता अशा हातांची जी चित्रं घराघरांत विखुरली आहेत, ती कोणाची आणि कधीची हे नोंदलेलं नसेल तर या इतिहासाचा उरलासुरला पुरावाही जाईल.

आणि सही तर सगळ्यात सोपी नक्कल. इपोलित १९४८ मध्ये वारले, केंद्राशी त्यांचा संबंध जेमतेम तीनेक वर्षांचा. त्यांच्या नावाची खोटी चित्रं पुष्कळ फिरतात. म्हणून चित्र उलटं करा: ज्यावर रंगवलंय तो बोर्ड जुना आहे का, केंद्राचा शिक्का आहे का, गॅलरीचं लेबल किंवा जुन्या मालकाची पावती आहे का? मग रंग बघा. पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग चित्रकारांसाठी बाजारात आले ते १९५० च्या दशकात. ‘इपोलित’ त्या रंगात असेल तर सही कितीही हुबेहूब असो, ते चित्र त्यांचं नाही. विक्रेता मागची बाजू दाखवायला टाळाटाळ करत असेल तर सौदा तिथेच सोडा.