भोगलेलं शिकवताना: मास्तरांसाठी काही हमखास युक्त्या

भेदभाव, हिंसा, लैंगिकता असा एखादा नाजूक धडा वाट्याला आला की वाचनाच्या फंदात पडू नका. टेबलाला टेकून उभे राहा, चष्मा काढा, आवाज एक पट्टी खाली आणा आणि म्हणा, "हे मी स्वतः भोगलंय." झालं. आता तासभर तुम्हाला कोणी अडवत नाही. मागच्या बाकावरून एखादा हात वर येईलच. त्याच्याकडे दुखावलेल्या नजरेनं बघा. डोकंच खाजवायचं होतं असं दाखवत तो हात खाली जाईल.

किस्सा दरवर्षी सांगा. दोन-तीन वर्षांत त्यात पाऊस येतो, पुढे आईही रडू लागते. इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९९१ साली लिहिलं, की अनुभव म्हणजे अंतिम पुरावा नव्हे. तो घडतो कसा, हेच तपासायला हवं. बाईंचं ठीक आहे, त्यांना तुमचा वर्ग सांभाळायचा नाही.

(अनुभव सांगून झाल्यावर "आता यातल्या त्रुटी काढा" म्हणणारे मास्तरही असतात. त्यांची मधली सुट्टी बुडते.)

भोगलेलं काहीच नसेल तर "मी तटस्थ" म्हणा. तुम्ही वर्गातल्या बहुतेकांसारखेच असाल, तर तुमचीही काही ओळख आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९१७ साली म्युनिकच्या व्याख्यानात म्हणाला होता, की वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावं लागतं, म्हणून मास्तरानं आपलं राजकारण तिथं आणू नये. पोरांनी गप्प बसावं, एवढंच लक्षात ठेवा.

तटस्थ माणसाला अनुभव उसनाही मिळतो. हजेरीपट चाळा. 'त्यांच्यातला' एखादा सापडतोच. भर वर्गात विचारा, "तू सांग ना, तुमच्यात कसं असतं?" चाळीस माना एकदम वळतील. तो वहीच्या समासात रेघा ओढत पुटपुटेल, "काही नाही सर, सगळ्यांसारखंच." सोडू नका. "अरे, लाजतोस काय? आपलेच आहेत सगळे!" पुढच्या तासाला तो आला नाही, तर शेऱ्यात लिहा: विषयात रस नाही.

परीक्षेत कायद्यातल्या तरतुदी विचारल्या, तरी उत्तरपत्रिकांत तुमचाच किस्सा येईल, पावसासकट. पैकीच्या पैकी द्या. स्वतःच्या दुःखाचे गुण कोणी कापतं का?